एम. आर. जेम्स यांच्या भूतकथा : शरदातल्या अभिवाचनासाठी ऑक्सफर्डची आवृत्ती

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये काढलेला, डॅरिल जोन्स यांनी संपादित केलेला एम. आर. जेम्स यांच्या भूतकथांचा संग्रह एकट्याने वाचण्यापेक्षा चारचौघांत मोठ्याने वाचण्यासाठी विकत घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या कथा मुळात ऐकवण्यासाठीच लिहिल्या गेल्या होत्या. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात मध्ययुगीन हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्या जेम्स यांनी आपल्या पहिल्या दोन भूतकथा २८ ऑक्टोबर १८९३ रोजी ‘चिटचॅट सोसायटी’ या छोट्या मंडळासमोर वाचल्या. पुढे नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना नवी कथा ऐकवण्याचा प्रघात पडला; एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या विझवून त्या उरलेल्या एका ज्योतीशेजारी बसून ते वाचत, असे तिथे हजर असलेल्यांनी लिहून ठेवले आहे. नाताळची ही परंपरा सर्वांना ठाऊक असते. पण सुरुवात झाली ती ऑक्टोबरात, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे घेतली जातात आणि संध्याकाळ एकाएकी लवकर अंधारते. आमचा वाचनगट नेमका तेव्हाच हा संग्रह उघडतो.

जेम्स यांचा पहिला कथासंग्रह १९०४ मध्ये आला, त्यानंतर १९११, १९१९ आणि १९२५ मध्ये आणखी तीन आले आणि १९३१ मध्ये एकत्रित संग्रह निघाला. जोन्स यांच्या आवृत्तीत त्या कथांबरोबर जेम्स यांचे भूतकथेच्या तंत्राविषयीचे लेखनही परिशिष्टात दिले आहे, आणि ते वाचनगटाने सुरुवातीलाच वाचून घ्यावे. पात्रे आपापल्या साध्या व्यवहारात मग्न असलेली दाखवावीत, त्या शांत वातावरणात अशुभाला हळूच डोके वर काढू द्यावे आणि मग ते क्रमाक्रमाने वाढवत न्यावे, असे त्यांचे सांगणे आहे. शिवाय भूत दुष्टच असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. संपादकांची प्रस्तावना अभ्यासपूर्ण आहे, परंतु ती कथांची उकल करते; म्हणून ती शेवटी वाचलेली बरी.

एकत्र वाचनाचा खरा लाभ ‘द मेझोटिंट’ या कथेत दिसतो. विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी चित्रे जमवणाऱ्या विल्यम्स यांच्याकडे एका जुन्या वाड्याचे सामान्य कोरीवचित्र विक्रीसाठी येते. पहिल्यांदा पाहताना त्यात काही विशेष नसते. नंतर एका स्नेह्याला त्यात चांदणे आणि कडेला एक आकृती दिसते, रात्री खुद्द विल्यम्स यांना ती हिरवळीवरून हातापायांवर सरपटताना दिसते आणि सकाळी हिरवळ रिकामी असते, पण वाड्याची एक खिडकी उघडी असते. कथेतली पात्रे स्वतःच आळीपाळीने चित्र पाहतात, जे दिसले ते लिहून ठेवतात आणि एकमेकांची साक्ष काढतात; म्हणजे पानावरही एक छोटा गटच बसलेला असतो. ऐकणाऱ्यांना पुढचे पान दिसत नाही, मागे जाऊन खात्रीही करून घेता येत नाही, त्यामुळे त्या पात्रांइतकेच तेही वाट पाहत राहतात. वाचणाऱ्याने चित्राच्या प्रत्येक नव्या दर्शनाआधी थोडे थांबावे. आमच्याकडे अशा वेळी कोणीही आपणहून बोलत नाही. डोळ्यांनी भराभर वाचताना जी वाक्ये निव्वळ माहितीची वाटतात, तीच आवाजात आली की सर्वाधिक बोचतात, हा माझा अनुभव आहे.

‘ओ, व्हिसल, अँड आय विल कम टू यू, माय लॅड’ ही सर्वांत प्रसिद्ध कथा मात्र तितक्या सहज वाचता येत नाही. पूर्व किनाऱ्यावर सुटीसाठी गेलेल्या प्राध्यापक पार्किन्स यांना टेम्पलर या मध्ययुगीन ख्रिस्ती योद्ध्यांच्या पंथाच्या वास्तूच्या अवशेषांत एक शिट्टी सापडते आणि तिच्यावर लॅटिनमध्ये ‘हा येणारा कोण?’ असा प्रश्न कोरलेला असतो. या जागी टिपेचा उपयोग होतो. पण टिपा पुस्तकाच्या शेवटी असल्याने मोठ्याने वाचणाऱ्याची लय तुटते. माझी या आवृत्तीविषयीची मुख्य तक्रार हीच आहे. किमान लॅटिन वाक्यांचे अर्थ त्याच पानाच्या तळाशी असायला हवे होते. यावर उपाय म्हणजे वाचणाऱ्याने टिपा आदल्या दिवशी पाहून ठेवाव्यात आणि अर्थ वाचनातच सहज सांगून टाकावा.

दुसरी अडचण बोलीची आहे. माळी, खानावळवाले आणि नोकरचाकर यांच्या तोंडची ग्रामीण इंग्रजी जेम्स मोठ्या हौसेने लिहितात, आणि आपल्यासारख्यांना ती पहिल्या वाचनात उमगत नाही. ‘मार्टिन्स क्लोज’मध्ये तर सतराव्या शतकातल्या खटल्याची नोंद त्या काळच्या भाषेत जवळजवळ जशीच्या तशी रचली आहे. एकट्याने वाचताना ती मला कंटाळवाणी वाटली होती. न्यायाधीश, वकील आणि साक्षीदार अशी वाटणी करून वाचली तेव्हा ती उत्तम नाट्यवाचन ठरली.

शरदात भयकथा वाचणे मराठी वाचकाला परके नाही. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ या दिवाळी अंकांनी गूढकथांची गोडी लावलेले वाचक आपल्याकडे पुष्कळ आहेत. फरक पडतो तो कथेच्या स्वभावात. मराठी भयकथाकार नारायण धारपांच्या कथांत संकटग्रस्तांच्या पाठीशी ‘समर्थ’ हे पात्र उभे राहते. जेम्स यांच्या जगात असे कोणी क्वचितच येते, आणि जुनी वस्तू जागेवरून हलवणाऱ्याला पुष्कळदा केवळ कुतूहलाची किंमत मोजावी लागते. हे सुरुवातीला निष्ठुर वाटते. परंतु वाचन संपल्यावर ‘त्याचा अपराध तो काय?’ यावर जी चर्चा रंगते, तिच्यासाठी ही निष्ठुरता आवश्यकच आहे, असे मी मानतो.

क्रमाबद्दल एवढेच सांगतो. पहिल्या बैठकीला ‘द मेझोटिंट’ घ्यावी, कारण ती अर्ध्या तासात संपते. ‘लॉस्ट हार्ट्स’मध्ये मुलांवरचे क्रौर्य आहे, तेव्हा गटाला आधी कल्पना द्यावी. किशोरवयीन श्रोते असतील तर जेम्स यांनी १९२७ मध्ये ईटन शाळेच्या बालवीरांना त्यांच्या शिबिरात ऐकवलेली ‘वेलिंग वेल’ निवडावी. ‘अ वॉर्निंग टू द क्युरियस’ शेवटच्या बैठकीसाठी राखून ठेवावी, कारण पुरलेला राजमुकुट, त्याची पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारे घराणे आणि तो परत ठेवूनही सुटका न होणारा तरुण यांची ही कथा ऐकल्यावर लगेच दुसरी कथा सुरू करवत नाही. जेम्स यांचे जुने संग्रह इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत आणि केवळ कथाच हव्या असतील तर ते पुरेसे आहेत. परंतु गटातल्या एकाकडे तरी ही सटीप आवृत्ती असावी, म्हणजे अडलेला शब्द शोधण्यात संध्याकाळ जात नाही.