मनपा हद्दीतला प्लॉट की हद्दीबाहेरचा? आधी गडरचे विचारा

नागपुरात प्लॉट पाहायला गेलेला माणूस पहिल्यांदा ‘आर.एल. (प्लॉट नियमित असल्याचे पत्र) आहे का’ असे विचारतो, मग ‘डिमांड (विकासशुल्काची मागणी) भरली आहे का’, त्यानंतर ‘नळ आहे का’, आणि तोवर दलालाने गाडी सुरू केलेली असल्यामुळे गडरलाइनचे, म्हणजे रस्त्याखालच्या सांडपाण्याच्या वाहिनीचे, विचारायचे राहून जाते. हा आढावा त्या राहून गेलेल्या प्रश्नापासून सुरू होतो. समोर दोन प्लॉट आहेत असे धरू. दोन्ही दीड हजार चौरस फुटांचे, म्हणजे तीस बाय पन्नास. एक महानगरपालिकेत नंतर सामील झालेल्या नरसाळा-हुडकेश्वर भागातला, दुसरा हद्दीबाहेर बेसा-बेलतरोडीच्या बाजूचा. दोन्हींमधले अंतर फार नाही आणि घर बांधायचा खर्चही सारखाच येईल, परंतु घरात पाणी कोणी आणायचे आणि वापरलेले पाणी कोणी न्यायचे, हे ठरवणारी माणसे मात्र वेगळी आहेत.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पाण्याची उणीव टँकर, बोअर, मोठी टाकी अशा उपायांनी काही वर्षे तरी भरून काढता येते. सांडपाण्याची उणीव तशी भरून निघत नाही, कारण तिची किंमत आपल्याइतकीच शेजाऱ्यालाही मोजावी लागते आणि तिच्यावर एकट्याने करता येण्यासारखा उपाय बहुधा नसतो.

निर्णय कोणाच्या हातात

हद्दीतल्या प्लॉटच्या बाबतीत कायदा बराच स्पष्ट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये गटारे व मलनिस्सारणाची कामे बांधणे आणि सांभाळणे, तसेच सार्वजनिक पाणीपुरवठा करणे, ही महानगरपालिकेची बंधनकारक कर्तव्ये म्हणून दिलेली आहेत. प्रत्यक्षात मात्र शहराच्या कडेच्या वस्त्या ‘५७२’ आणि ‘१९००’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, मूळच्या अनधिकृत लेआउटांमध्ये मोडतात, आणि या लेआउटांचे नियमितीकरण, विकासशुल्क व अंतर्गत कामे यांचा संबंध नागपूर सुधार प्रन्यास या शहरविकास संस्थेशी येतो. त्यामुळे रस्त्याखालची लाइन प्रन्यासाने टाकलेली, चोकअप काढायचे मनपाच्या झोनने आणि नळाचे बिल तिसऱ्याच कंपनीचे, अशी विभागणी होते. एका प्रभागातून साधारणपणे चार नगरसेवक निवडून येत असल्याने गडर तुंबल्यावर चौघांपैकी कोणाला धरायचे, हाही एक प्रश्नच असतो. तरीही कर्तव्य कोणाचे आहे, हे कागदावर शोधता येते आणि त्या कागदाच्या आधारे पाठपुरावा करता येतो.

हद्दीबाहेर चित्र वेगळे आहे. बांधकामाचा नकाशा नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण मंजूर करते, घरकर ग्रामपंचायत घेते, नळयोजना बहुतेक वेळा जिल्हा परिषद किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण उभारते आणि ती चालवण्याचा भार पुन्हा ग्रामपंचायतीवर येतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ मध्येही पाणीपुरवठा, गटारे व स्वच्छता ही कामे आहेत, परंतु ती ‘ग्रामनिधी परवानगी देईल तितपत’ करायची आहेत. शहराच्या कडेला शेकडो घरे उठलेल्या गावाचा ग्रामनिधी किती पुरणार, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. मोठ्या वस्त्यांमध्ये काही ठिकाणी नगरपंचायत आली आहे आणि तेथे कायदा बदलतो. म्हणून आज तेथे नेमकी कोणती संस्था आहे, हे सौद्याआधी विचारावे. ग्रामपंचायतीची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला थेट जाब विचारता येतो, आणि शहरातल्या माणसाला ती सोय नाही.

नळ

पाण्यापुरते बोलायचे तर हद्दीतला प्लॉट पुढे आहे, आणि हा मुद्दा फार लांबवण्यासारखा नाही. शहराला पेंच नदीवरील नवेगाव खैरीच्या जलाशयाचे आणि कन्हानचे पाणी मिळते. वितरणाचे काम २०१२ पासून पंचवीस वर्षांच्या करारावर ऑरेंज सिटी वॉटर या खासगी कंपनीकडे आहे. चोवीस तास पाण्याचे उद्दिष्ट त्या कराराचाच भाग असले तरी कडेच्या वस्तीत पाणी किती वेळ आणि कोणत्या दाबाने येते, हे कराराऐवजी त्याच गल्लीतल्या शेजाऱ्याला विचारलेले बरे. गल्लीत प्रत्येक घरी टुल्लू पंप लावलेला दिसला तर उत्तर मिळाल्यासारखेच आहे. हा पंप नळाला थेट जोडला की रिकाम्या पाइपमध्ये ओढ निर्माण होते आणि जवळून जाणाऱ्या नालीचे पाणी गळक्या सांध्यातून आत खेचले जाते. पावसाळ्यात नळाला वास येण्याच्या तक्रारींमागे पुष्कळदा हेच असते.

आकड्यांतला फरक पाहण्यासारखा आहे. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरासाठी नियोजनाचे प्रमाण दरडोई दररोज १३५ लिटर धरले जाते, तर जलजीवन मिशनखालील ग्रामीण योजना ५५ लिटरांवर आखलेली असते. पाच माणसांच्या घराला पहिल्या हिशेबाने दिवसाला ६७५ लिटर मिळतात आणि दुसऱ्या हिशेबाने २७५. हद्दीबाहेरच्या घरात राहायला येणारे कुटुंब शहरातूनच आलेले असते, सवयीही शहरातल्याच असतात, त्यामुळे मधले ४०० लिटर बोअरमधून येतात. शहरातले दर टप्प्यांनी चढतात आणि घरगुती वापराचा पहिला टप्पा महिन्याला २० युनिटांचा, म्हणजे २० हजार लिटरांचा आहे. वरच्या हिशेबाने पाच जणांचे घर या टप्प्याच्या अगदी काठावर येऊन थांबते.

वापरलेले पाणी

पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरतात. म्हणजे आपल्या पाच माणसांच्या घरातून दिवसाला ५४० लिटर आणि महिन्याला सोळा हजार लिटर. हे पाणी कुठे जाते, हाच या तुलनेचा गाभा आहे.

हद्दीत आणि गडरलाइनवर असलेल्या घराचे पाणी मोठ्या वाहिन्यांतून पूर्वेकडे जाते. भांडेवाडी येथील केंद्रात प्रक्रिया झालेले पाणी कोराडी व खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांना दिले जाते, आणि सांडपाणी अशा रीतीने उपयोगात आणणाऱ्या देशातील मोजक्या शहरांत नागपूर गणले जाते. हे कौतुक रास्त आहे. मात्र नाग नदीच्या कोणत्याही पुलावर उभे राहिल्यास शहराचे सगळेच पाणी भांडेवाडीला पोहोचत नाही, हेही दिसते. उरलेले पाणी नदीतून कन्हानला, पुढे वैनगंगेला आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जाते.

गडरलाइन नसलेल्या घरात, मग ते हद्दीत असो वा हद्दीबाहेर, सेप्टिक टँक आणि त्यातले पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा यांवर भिस्त असते. आपल्याकडे बरेच जण त्याला ‘सेफ्टी टँक’ म्हणतात आणि त्या नावातच एक गैरसमज दडलेला आहे. सेप्टिक टँक पाणी शुद्ध करीत नाही. गाळ तळाशी बसतो, त्याचे काही अंशी कुजून विघटन होते आणि रोगजंतू असलेले पाणी पुढे वाहत जाते. उरलेले काम जमिनीने करायचे असते. पाच माणसांसाठी मानक टाकी सुमारे दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर खोल, म्हणजे अकराशे लिटरांच्या आसपास असते. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचे पाणीही तिच्यात सोडले तर ती दोन दिवसांत भरते. म्हणून गवंडी ते पाणी वेगळे काढून सरळ रस्त्याकडेच्या नालीत सोडतो, आणि नाली नसेल तर शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर. त्या रिकाम्या प्लॉटचा मालक घर बांधायला आला की पहिले भांडण सुरू होते.

जमिनीचा प्रश्न नागपुरात विशेष अवघड आहे. शहर दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या पूर्व टोकाला वसलेले असून बऱ्याच भागात वर काळी माती आणि तिच्याखाली मुरूम किंवा खडक लागतो. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. मे महिन्यात तिला भेगा पडलेल्या असतात, तेव्हा खड्ड्यात ओतलेले पाणी भराभर उतरते आणि जमिनीत पाणी चांगले मुरते असे वाटते. ऑगस्टमध्ये भेगा मिटतात आणि तोच शोषखड्डा वरून वाहू लागतो. पाझर-चाचणी करायचीच असेल तर खड्डा आदल्या रात्री भिजवून, पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच करावी. पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात, ते मोजायचे असते. उन्हाळ्यातल्या चाचणीवर विसंबू नये.

याहून गंभीर मुद्दा अंतराचा आहे. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावा. आता तीस बाय पन्नासचा प्लॉट डोळ्यांसमोर आणा. त्याच्या एका कोपऱ्यात बोअर आणि बरोबर समोरच्या कोपऱ्यात शोषखड्डा घेतला तरी कर्णाची लांबी ५८ फूट, म्हणजे पावणेअठरा मीटर भरते. अशा प्लॉटवर हा नियम पाळणे भूमितीलाच शक्य नाही, आणि यात शेजाऱ्यांचे बोअर व खड्डे अजून धरलेले नाहीत. त्यामुळे बोअर आणि शोषखड्डा दोन्हींवर अवलंबून राहावे लागणाऱ्या ले‌आउटमध्ये घरे विरळ आहेत तोवर फारसे काही जाणवत नाही, आणि लेआउट भरत गेला की बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेण्याची वेळ येते. हद्दीबाहेरच्या प्लॉटविरुद्ध माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. हे काम यंत्राच्या गाडीनेच करून घ्यावे. माणसाला संरक्षक साधनांशिवाय टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची जबाबदारी काम सांगणाऱ्या घरमालकावरही येते. गाडी टाकीपर्यंत पोहोचेल इतकी वाट आणि उघडता येईल असे झाकण ठेवणे आवश्यक आहे. पार्किंगच्या फरशीखाली टाकी बुजवून टाकणाऱ्यांना याची आठवण टाकी भरल्यावर होते.

हद्दीबाहेरच्या मोठ्या गृहसंकुलांत स्वतःचे प्रक्रिया केंद्र असते आणि सदनिका घेणाऱ्याला तो तिसरा पर्याय वाटतो. केंद्र उभारणे बांधकाम व्यावसायिकाचे काम असते, पण विजेचे बिल आणि चालवणाऱ्याचा पगार पुढे सोसायटीच्या माथी येतो. जागा असेल तर नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत विचारात घेता येते. तिच्यात वनस्पती व खडीच्या थरांतून पाणी नेले जाते आणि विजेवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. एकट्या प्लॉटधारकाला मात्र हा मार्ग उपलब्ध नाही. वीस-पंचवीस घरांनी लेआउटमधली मोकळी जागा देऊन एकत्र यायचे ठरवले, तरच तो शक्य आहे.

सौद्याआधी

हद्दीतल्या प्लॉटला गडरलाइन जोडता येत असेल, तर किंमत काहीशी अधिक असूनही मी तोच घेईन. हद्दीत असूनही लाइन नसेल, तर सांडपाण्यापुरते दोन्ही प्लॉट आज सारखेच. फरक उरतो तो उद्याच्या शक्यतेचा, आणि त्या शक्यतेसाठी किती जास्त मोजायचे हे आपल्या वयावर आणि धीरावर अवलंबून आहे. हद्दीबाहेरचा प्लॉट घ्यायचाच असेल, तर निदान नळयोजना चालू असलेला घ्यावा, म्हणजे पिण्यासाठी बोअरवर अवलंबून राहावे लागणार नाही.

आणि ‘लाइन आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. प्लॉटसमोरच्या चेंबरचे झाकण उघडायला लावून आतल्या पाइपचा तळ रस्त्यापासून किती खोल आहे, ते मोजून घ्यावे. रस्ते दरवेळी डांबराचे नाहीतर सिमेंटचे थर चढवून उंच होत जातात आणि जुने प्लॉट खाली राहतात. आपल्या घराच्या मागच्या न्हाणीपासून चेंबरपर्यंत पन्नास फूट पाइप उतार देऊन न्यायचा असतो. तो तळ त्या उताराला पुरेल इतका खोल नसेल, तर जोतेच उंच घ्यावे लागते, आणि त्या भरावाचा खर्च प्लॉटच्या किमतीत मिळवूनच दोन्हींची तुलना करावी.