दिवाळे गावातली सुरमई की पेशींपासून वाढवलेली?

मासे-मटण सोडवत नाही, पण जनावरांचे हाल आणि समुद्राची लूटही बघवत नाही, अशा कात्रीत सापडलेली बरीच घरं नवी मुंबईत आहेत. पेशींपासून वाढवलेलं मांस येईपर्यंत थांबावं का, असं ती विचारतात. माझं उत्तर: मटण-चिकनसाठी थांबू नका, माशांच्या बाबतीत मात्र त्याच्यावर लक्ष ठेवा.

सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये अशा चिकनला जगात पहिल्यांदा परवानगी दिली, अमेरिकेने जून २०२३ मध्ये. इटलीने त्याच वर्षी बंदी घातली. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) मंजुरीशिवाय ते विकता येणार नाही.

प्राण्याच्या अंगातून चिमूटभर पेशी काढायच्या आणि साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं घातलेल्या द्रवात, बंद टाकीत वाढवायच्या. काही आठवड्यांनी हाती येतो तो पेशींचा लगदा. खिमा, कबाब, नगेट यांना तो चालतो. नळीचं मटण किंवा सुरमईची काट्यासकट तुकडी हवी असेल तर स्नायू आणि चरबीचे थर एखाद्या सांगाड्याच्या आधारावर रचत वाढवावे लागतात, आणि ते फार अवघड जातं. डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी २०१३ मध्ये लंडनमध्ये दाखवलेल्या पहिल्या बर्गरला सुमारे अडीच लाख युरो लागले होते, आणि तोही खिमाच होता. हाडाशिवाय रश्शाला जी चव येत नाही, ती या मांसातून इतक्यात मिळणार नाही.

पर्यावरणाचा हिशेब जाहिरातीइतका सरळ नाही. गोमांसाशी तुलना केली तर जमीन आणि मिथेन, दोन्ही वाचतात. आपल्या ताटात मात्र बहुधा ब्रॉयलर असतो, आणि तो पावणेदोन किलोच्या आसपास खाद्यात किलोभर वजन धरतो. त्याच्यासमोर टाकी दिवसरात्र उबदार आणि निर्जंतुक ठेवायची, तीही बहुतांश कोळशावरच्या विजेवर! इथे फायदा दिसतच नाही. शिवाय वाढीच्या द्रवात गाईच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम वापरलं असेल, तर प्राणी वाचवल्याचा दावा लंगडा पडतो. अनेक कंपन्यांनी ते आता सोडलं आहे, पण विचारून घ्यायलाच हवं.

माशांचं गणित वेगळं आहे. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला, तरी तळहाताएवढी पिल्लं बाजारात येतातच. अंडी घालण्याआधीच मासा संपला, तर पुढच्या हंगामाला काय उरणार? कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये एका खासगी कंपनीबरोबर सुरमई, पापलेट अशा माशांचं मांस पेशींपासून वाढवायचं काम हाती घेतलं. ते जमलं तर मला मनापासून आनंद होईल.

विश्वासाचं काय? दिवाळे गावच्या बाजारात कोळीण कल्ला उचलून लाल रंग दाखवते, आपण बोटाने दाबून बघतो, मांस लगेच वर आलं की पिशवी पुढे करतो. पाकिटातल्या मांसाला ही परीक्षा नाही. उलट बंद टाकीत आतड्यातले जंतू नाहीत आणि खाडीचं सांडपाणीही नाही. ठाणे खाडीने कारखान्यांचं किती पाणी पोटात घेतलं, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

आज काय करावं? घरात खिमा-कबाबच जास्त होत असतील तर सोयाबीनच्या वड्या आणा. स्वस्त आहेत, सुक्या वड्यांत निम्मं प्रथिनच असतं. मासेखाऊंनी पूर्ण वाढलेला मासा मागावा, लहान पापलेट परत करावं आणि जून-जुलैच्या बंदीत ताज्याचा हट्ट सोडावा. कोळणीचं गिऱ्हाईकही त्याने तुटत नाही. शाकाहारी मंडळींनी पेशींचं मांस आपलं समजू नये, ते मांसच आहे. माशाची ॲलर्जी असेल तर टाकीत वाढलेला मासाही तितकाच वर्ज्य.