आयजीसीएसई नववी-दहावी: बडोद्यातून आमचा अनुभव

मुलगी आठवीपर्यंत सीबीएसईला होती, नववीला केंब्रिजच्या आयजीसीएसईला (नववी-दहावीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) घातली, आता दहावी निम्मी होत आली. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडचे ओळखीचे मराठी पालक सारखे विचारतात की एवढी फी भरून वेगळं काय मिळतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात जास्त मिळालं ते ग्लोबल पर्स्पेक्टिव्हज या विषयातून. यात एक लेखी पेपर, दीड ते दोन हजार शब्दांचा स्वतःचा रिपोर्ट आणि एक टीम प्रोजेक्ट असतो. नववीत सरावाच्या रिपोर्टला हिने शहरातला पूर घेतला, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या ओळखीत कितीतरी जणांच्या घरात शिरलं होतं, मगरी पार वस्तीत आल्या होत्या, त्यामुळे विषय शोधायला लांब जावंच लागलं नाही. पण टीचरनी वाचून विचारलं, माहिती भरपूर आहे, यात कोणाचं म्हणणं तुला पटलं आणि का पटलं ते कुठेय? मग पुन्हा बसली. आजवा तलावातून सोडलेलं पाणी, नदीला लागून झालेली बांधकामं, पालिकेची बाजू, काठावर राहणाऱ्यांची बाजू, सगळं समोरासमोर मांडलं, आणि नेदरलँड्सवाल्यांनी नुसते बांध उंच करण्यापेक्षा नदीलाच पसरायला जागा करून दिली हे वाचून आपल्याकडे त्यातलं काय जमेल काय नाही यावर दोन पानं लिहिली. चौदा वर्षांची पोर पुराव्यासकट "मला हे पटत नाही" असं लिहिते हे बघून मला खरंच भरून आलं.

घरात सुरुवातीला बाहेरचा बोर्ड कशाला अशी कुरकुर होती, ती सासऱ्यांनीच थांबवली. म्हणाले, सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१३ मध्ये बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं, त्या गावात हे काय नवीन!

आता त्रास. मॅथ्सला कोअर आणि एक्स्टेंडेड असे दोन प्रकार असतात, कोअरला कितीही छान पेपर लिहा, सी च्या वर ग्रेड नाही, तेव्हा मुलाला कशात बसवणार ते ॲडमिशनच्या वेळीच विचारून घ्या. २०२५ पासून मॅथ्सचा एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय असतो, हे फार बरं झालं. सायन्समध्ये बऱ्याच शाळा प्रॅक्टिकलऐवजी त्याचा लेखी पर्याय घेतात, मग लॅबमध्ये हात कमी चालतो, आमच्याकडे तेच झालं, वर केमिस्ट्रीच्या मॅडम वर्षाच्या मध्येच गेल्या आणि दीड-दोन महिने नुसत्या वर्कशीटवर काढावे लागले. एवढ्या फीमध्ये हे मला अजिबात मान्य नाही. परीक्षेची फी पण विषयागणिक वेगळी, ती शाळेच्या फीमध्ये धरू नका. अभ्यासाला पास्ट पेपर आणि मार्क स्कीम (कोणत्या उत्तराला किती मार्क ते सांगणारी) हेच खरं, डिस्क्राइब विचारलं की काय लिहायचं आणि एक्सप्लेन विचारलं की काय, हे त्यातूनच कळतं.

भारतातल्या शाळांना फेब्रुवारी-मार्चची परीक्षा देता येते, निकाल मे मध्ये येतो. मे-जूनची दिली तर थेट ऑगस्ट, आणि तोवर इथल्या अकरावीचे वर्ग सुरू झालेले असतात. शाळा कोणती परीक्षा देऊ देते ते लेखी घ्या. दहावीच्या समकक्षतेसाठी इंग्लिश धरून पाच विषयांत सी किंवा वरचा ग्रेड लागतो.

जेईई-नीट नक्की असेल तर मात्र मी या वाटेला जा म्हणणार नाही. तिथे एनसीईआरटीची पुस्तकं लागतात, अकरावीत सगळा क्रमच बदलतो, हिच्या मैत्रिणीचे आत्ताच दोन-दोन क्लास चालू आहेत, मुलगी दमून जाते बिचारी. ज्याला वाचायची, लिहायची, वाद घालायची आवड आहे त्याला बिनधास्त घाला.

आमची पुढे ए लेव्हलच (अकरावी-बारावीच्या जागी केंब्रिजचा कोर्स) करणार, पाणी आणि नद्या यातच शिकायचं म्हणतेय, म्हणून मॅथ्स, केमिस्ट्री आणि जिऑग्राफी. बडोद्यात ए लेव्हलला जिऑग्राफी नीट शिकवणारी शाळा कुणाला माहीत असेल तर प्लीज कळवा.