लिंबा-संत्र्याच्या साली: बाटलीत, उन्हात की माडाच्या आळ्यात?

या सालींचं काय करायचं हे ठरवताना कोकणात आधी महिना बघावा, मग घरातली फरशी. घाटावरून येणाऱ्या सल्ल्यांत या दोन्ही गोष्टी बहुधा नसतात.

सध्या सगळ्यात जास्त बोलबाला आहे बायोएन्झाइमचा, म्हणजे साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेल्या साफसफाईच्या द्रावणाचा. प्रमाण सोपं आहे: १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी. प्लॅस्टिकच्या बाटलीत वरचा पाव भाग मोकळा ठेवून भरायचं, पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा आणि एकूण ३ महिने वाट बघायची. काचेची बाटली नको, फुटते. याला ऊन लागत नाही, म्हणून पावसाळ्यात जमण्यासारखा हा मोजक्या प्रकारांपैकी एक. मे महिन्यात सरबतापायी लिंबांचा ढीग होतोच. तेव्हा बाटली लावली तर गणपतीच्या साफसफाईपर्यंत तयार होते. पाण्यात मिसळून न्हाणी, मोरी, टाइल्स यांना चांगलं. फक्त त्याला जंतुनाशक समजू नये. आणि दोन माणसांच्या घरात ३०० ग्रॅम साली साठेपर्यंत पहिल्या सालींना बुरशी येते, मग त्या फ्रिजरमध्ये साठवत बसा. त्यात पदरचा गूळ जातो तो वेगळाच.

त्यापेक्षा लहान घराला व्हिनेगर बरं. बरणीत साली कोंबायच्या, त्या बुडतील इतकं पांढरं व्हिनेगर ओतायचं, साधारण २ आठवड्यांनी गाळायचं. वायू नाही, आंबूस वास कमी. खरं सांगायचं तर काम व्हिनेगरच करतं. साल वास देते आणि तिच्यातलं तेल थोडा चिकटपणा काढतं. नळावर क्षारांचे पांढरे डाग धरले असतील तर हाच पर्याय घ्या.

दोन्ही द्रावणं आम्लधर्मी, म्हणून शहाबादी, कडाप्पा आणि संगमरवर यांच्यापासून लांब. हे दगड चुन्याच्या जातीचे. आम्लाने त्यांची चकाकी कायमची जाते. जुन्या घरांत ओटा कडाप्पाचा आणि पडवी शहाबादी असते, तिथे बाटली भरण्याचा खटाटोप न केलेलाच बरा. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. विहिरीत टाकायला आणलेली ब्लीचिंग पावडर पावसाळ्यात कित्येक घरांत असते. न्हाणीत ती टाकून वर हे द्रावण ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही एकाच दिवशी वापरूच नका.

वाळवणाचा हंगाम दिवाळीनंतर मेपर्यंत. नागपुरी संत्री बाजारात येतात तेही थंडीतच, त्यामुळे हा मेळ छान बसतो. साली बारीक चिरून सुपात पसरायच्या, हाताने मोडतील इतक्या कडक झाल्या की घट्ट झाकणाच्या डब्यात. जूननंतर हा नाद सोडावा. खाऱ्या दमट हवेत कुरकुरीत साल पुन्हा मऊ पडते. वाळलेल्या सालींचा माझ्या मते सगळ्यात चांगला उपयोग बंब पेटवायला. सालीतलं तेल ज्वालाग्राही असल्याने त्या पटकन धरतात. उटण्यात घालायच्या तर बाजारातल्या फळावर मेण असू शकतं, साल काढण्याआधी ते कोमट पाण्याने चोळून धुवा. ओली लिंबाची साल चेहऱ्याला चोळून उन्हात जाणं मात्र वाईट. कातडी भाजल्यासारखी होते आणि डाग उरतात.

तांब्या-पितळेला तर थांबायचं कारणच नाही. पिळलेल्या अर्ध्या लिंबावर मीठ घेऊन हंडा घासा, लगेच धुवा, कोरडा पुसा. ओला राहिला तर हिरवट डाग धरतो. आतल्या कल्हईवर घासू नका, थर झिजतो. घरी आमसूल किंवा चिंच असेल तर तेही इतकंच काम करतं, त्यामुळे यासाठी मुद्दाम साली साठवायला नकोत.

पिळलेल्या फोडींचं लोणचंही होतं, पण आंबटपणा कमी झालेला असतो. भरपूर मीठ आणि वरून २-३ ताज्या लिंबांचा रस घातला नाही तर बरणी बुरसते. उन्हात ठेवायची, त्यामुळे हेही मेपर्यंतचंच.

वाडी असेल तर माझं मत साफ आहे: तुकडे करा आणि माडाच्या आळ्यात पालापाचोळ्याखाली पुरा. कुजायला वेळ लागतो, पण माडाला घाई नसते. गांडूळखताच्या टाकीत टाकू नका, गांडुळांना त्या मानवत नाहीत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने भांडी घासून उरलेल्या साली ओल्या कचऱ्यात दिल्या तरी काही बिघडत नाही.

पावसाच्या शेवटी पपनस येतात. त्यांच्या सालीचा पांढरा गर बोटभर जाड; बाटलीत तो नुसती जागा अडवतो आणि त्या दिवसांत वाळतही नाही. तिथे आळं हाच पर्याय.