रंकाळ्याजवळच्या मावशींचा होमस्टे: रविवारी एक रुपयाही खर्च न करणारा पाहुणा घेऊन गेलो त्याचा रिव्ह्यू (४ स्टार)

आधीच सांगतो, ५ स्टार दिले असते पण वरच्या खोलीकडं जाणारा जिना इतका अरुंद आहे की मोठी बॅग आडवी धरूनच चढावं लागतं आणि गाडी लावायला जागा म्हणाल तर गल्लीत जिथं मिळेल तिथं. एक स्टार तिथं गेला. बाकी बोट ठेवायला जागा नाही.

वर दोन खोल्या, खाली मावशींची खानावळ. बोर्ड नाही, ओळखीवर चालतं. आमची कंपनी शिरोलीत, कास्टिंगचं काम, त्याच्या तपासणीला अमेरिकेतल्या युटाहून एक इंजिनिअर आठवडाभरासाठी आलेले. हॉटेल नको, घर बघा म्हणाले म्हणून इथं आणलं. फेब्रुवारीतला पहिला शनिवार होता. माझा प्लॅन तयारच, रविवारी सकाळी पन्हाळा, येताना जोतिबा, दुपारी मावशींकडं मटण ताट, तांबडा-पांढरा, साहेबांना म्हटलं बघा कोल्हापूर काय असतंय.

शनिवारी संध्याकाळी साहेब शांतपणे म्हणाले, उद्या माझा सब्बाथ (देवासाठी राखलेला विश्रांतीचा दिवस) आहे, उद्या मी काही विकत घेत नाही, फिरायलाही नको, आणि महिन्याचा पहिला रविवार म्हणून उपवास पण आहे. मला वाटलं ज्यू असतील, पण त्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळला की लागतो आणि शनिवारी संपतो. हे निघाले मॉर्मन, अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचे. म्हणजे ते स्वतः तो शब्द वापरत नाहीत, २०१८ पासून त्यांच्या चर्चनंच सांगितलंय की पूर्ण नाव घ्या, चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. लई लांब आहे, मी इथं मॉर्मनच लिहितो, राग मानू नका. येशू रविवारी पुन्हा उठला म्हणून यांचा वार रविवार.

मला खरं तर राग आला होता. ड्रायव्हरला सांगून ठेवलेलं, मावशींना चार ताटं सांगितलेली, आता ह्या बाईला काय तोंड दाखवायचं. चाचरत खाली गेलो आणि सांगितलं, मावशी, उद्याचं ताट राहू दे, पाहुण्यांचा उपास आहे. तर मावशी भाकरी थापता थापता म्हणतात, "मग साबुदाणा भिजवू का?" म्हटलं पाणीसुद्धा नाही. "आगं बाई, निर्जळी!" एवढंच. ना का विचारलं ना कुठला धर्म. वर मलाच म्हणाल्या, "तू आज मटण मागत होतास तवा मी शनिवार मारुतीचा म्हणून नाय म्हटलं की रे, मग त्यांचा रविवार असला तर काय बिघडलं?"

आणि प्रश्न फक्त उपासाचा नव्हता. साहेबांचं म्हणणं, माझ्यासाठी दुसऱ्या कुणी रविवारी राबू नये, म्हणून ते हॉटेलात जेवत नाहीत आणि दुकानात जात नाहीत. घरी साधं काहीतरी करून खाल्लं तर चालतं. त्यामुळं संध्याकाळी उपास सोडायचा तो कशावर हा पेच. मावशींनी तो शनिवारीच सोडवला, ज्वारीच्या भाकऱ्या कडक करून ठेवल्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचं विरजण. रविवारी गॅस पेटवायची गरजच नाही (खानावळीचा पेटणारच होता, रविवारी तिथं मटणाला रांग असते, पण यांच्या नावानं नाही). पैसे साहेबांनी शनिवारी रात्रीच देऊन टाकले.

चहाचं आणखी एक. हे लोक चहा, कॉफी, दारू, तंबाखू काहीच घेत नाहीत, नियमाचं मूळ १८३३ सालचं आहे. तीन दिवस पहाटे खोलीबाहेर चहाचा कप ठेवला आणि तीन दिवस तो तसाच गार झाला. चौथ्या दिवशी न सांगता हळद घातलेलं दूध आलं. सर्व्हिस म्हणतात ती ही.

रविवारी मी सकाळी डोकावलो, म्हटलं माणूस कंटाळला असेल. तर गॅलरीत बसून आईला भलंमोठं पत्र लिहीत होते, नंतर आजोबा-पणजोबांची नावं तपासत बसले, वंशावळीचं त्यांच्यात फार आहे. विचारलं, काय करायचं काय नाही याची यादी असते का? म्हणाले तशी लांब यादी नाही. त्यांच्या चर्चचे एक मोठे नेते रसेल नेल्सन २०१५ साली म्हणाले होते की तरुणपणी तेही अशा याद्या बघायचे, मग कळलं की आपलं वागणं म्हणजे आपण देवाला दिलेली खूण आहे, ती कुठली द्यायची एवढंच विचारायचं. म्हणून घराघरात फरक असतो, कुणी टीव्ही लावतं कुणी नाही. पण मोठ्या गोष्टी पक्क्या. युटातल्या सॉल्ट लेक सिटीत चर्चनंच उभारलेला सिटी क्रीक सेंटर हा मॉल आहे, २०१२ ला सुरू झाला, त्यातली दुकानं रविवारी बंद. चर्चच्याच ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीच्या टीम रविवारी मॅच खेळत नाहीत. आमच्या फुटबॉलवेड्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर असं कुणी जाहीर केलं तर पेठांत काय होईल याचा विचार करा.

त्यांनी मला विचारलं, तुमचा रविवार कशाचा? म्हटलं जोतिबाचा, आणि सुट्टी म्हणाल तर ती नारायण मेघाजी लोखंडेंमुळं, गिरणी कामगारांसाठी भांडून १८९० ला मिळवली, रविवार खंडोबाचा वार असंही म्हटलेलं. हे त्यांनी वहीत लिहून घेतलं.

रात्री साडेनऊला खोलीत पांढरा शर्ट, टाय, बूटसुद्धा, आणि समोर मोबाइल. तिकडं सकाळचे नऊ, त्यांच्या गावची सभा सुरू होत होती. पूर्वी तीन तास चालायची, २०१९ पासून दोन. आधी ब्रेड आणि पाणी वाटतात (वाइन नाही, पाणीच), पगारी पाद्री नसतो, गावातलीच माणसं उठून बोलतात, आणि पहिल्या रविवारी तर ज्याला वाटेल तो. मावशींचा नातू दारातून बघून गेला आणि खाली जाऊन सांगितलं, "आज्जी, साहेब टाय लावून मोबाइलसमोर बसलेत, इंटरव्ह्यू आहे वाटतं."

सोमवारी सकाळी हिशोबाला आले. विचारलं, मी काल न खाल्लेल्या दोन जेवणांचे किती होतात? मावशी माझ्याकडं बघायला लागल्या, न खाल्लेल्याचे पैसे कोण देतं. समजावलं की उपासाला जेवढं वाचतं तेवढं, किंवा जास्तच, त्यांच्यात गरिबांसाठी देतात. मग मावशींनी हिशोबात कसूर केली नाही, "नाष्टा ४० आणि रविवारचं ताट मटणाचं असतंय, ३२०." साहेबांनी ३६० मोबाइलमध्ये लिहून घेतले आणि मला डॉलरमध्ये किती विचारलं. साध्या ताटाचे १४० सांगितले असते तरी चाललं असतं की, पण मावशी म्हणजे मावशी.

मटणाचं विचाराल तर सोमवार महादेवाचा, मंगळवार अंबाबाईचा, मावशी दोन्ही दिवस हलल्या नाहीत. बुधवारी दुपारी शेवटी ताट आलं. मांस जपूनच खावं असंही त्यांच्यात म्हणे लिहिलंय. पांढरा रस्सा तीन वाट्या प्यायले, तांबड्याला डोळ्यांतून पाणी, तरी वाटी पुढं.

जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करूनच जा. शनिवार, सोमवार, मंगळवार मटण मिळणार नाही, त्यावरून मावशींशी वाद घालू नका. बॅग छोटी न्या.