क्रीमचा भाजीपास्ता: एका पातेल्यात की दोन?

पास्ता वेगळा उकडायचा, सॉस दुसरीकडे करायचा आणि मग दोन्ही एकत्र करायचं, की सगळं एकाच पातेल्यात घालून झाकण ठेवायचं? बहुतेक जण घासायला भांडी कमी पडतात म्हणून दुसऱ्या पद्धतीकडे वळतात. एक पातेलं आणि चाळणी वाचते, हे खरंच. पण ताटातला फरक पडतो तो पाण्यामुळे.

वेगळा उकडताना 100 ग्रॅम पास्त्याला साधारण 1 लिटर पाणी घेतात आणि शेवटी ओतून देतात. त्यामुळे माप थोडं चुकलं तरी बिघडत नाही. पास्त्यातून सुटलेला स्टार्च मात्र त्या पाण्याबरोबर जातो. एका पातेल्यात 250 ग्रॅम पास्त्याला 700 मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं आणि त्यातलं काहीच ओतायचं नसतं. स्टार्च आतच राहिल्याने सॉस दाटसर होतो, क्रीमची चरबी सुटून वर तरंगत नाही, सगळं छान मिळून येतं. क्रीमही कमी पुरतं. वेगळ्या पद्धतीत हे साधायला पास्ता उकडलेलं वाटीभर पाणी काढून ठेवावं लागतं. मी निम्म्या वेळा ते विसरते आणि चाळणीखाली वाटी धरायला धावते.

मिठाचंही तसंच. भरपूर पाण्यात लिटरला 10 ग्रॅम मीठ चालतं, कारण बरंचसं पाण्याबरोबर निघून जातं. त्याच सवयीने एका पातेल्यात मीठ टाकलं तर पास्ता खारट होणार, वर चीजचं मीठ वेगळंच. इथे सुरुवातीला पाऊण चमचा पुरे, बाकीचं चव बघून.

भाज्यांच्या बाबतीत माझा कौल दोन पातेल्यांना आहे. एका पातेल्यात सगळ्यांना पास्त्याच्या वेळापत्रकाने शिजावं लागतं. पास्ता 10 मिनिटांचा असेल तर गाजर आणि फरसबी त्याच्याबरोबरच घाला, ब्रोकोली आणि सिमला मिरची शेवटच्या 4 मिनिटांत, मटार शेवटच्या 2 मिनिटांत आणि पालक गॅस बंद केल्यावर. एवढं सांभाळूनही भाजी शिजते ती पाण्यातच, तिला परतल्याचा खमंगपणा येत नाही. मशरूम तर नुसते लिबलिबीत होतात. तडजोड म्हणून मशरूम आणि कांदा त्याच पातेल्यात आधी मोठ्या आचेवर तांबूस परतावेत आणि मग पाणी ओतावं. पाच मिनिटं जास्त जातात, पण मी हे टाळत नाही.

पास्ता आखूड आणि जाडसर हवा: पेने, फुसिली. अगदी बारीक शेवयांसारखा पास्ता एका पातेल्यात गिचका होतो, तो वेगळाच उकडावा.

दुधाच्या पदार्थांत 35 टक्के चरबीचं क्रीम उकळी सोसतं. कमी चरबीचं क्रीम किंवा दूध टोमॅटोबरोबर खळखळ उकळलं की चोथापाणी होतं. ते आच मंद करून शेवटीच घालावं. चीज गॅस बंद केल्यावर घाला, नाहीतर त्याची तार उलथन्याला गुंडाळून येते. वेगळ्या सॉसमध्ये हे सांभाळणं सोपं, कारण तिथे पास्ता शिजवण्यासाठी उकळी धरून ठेवायची नसते.

मग कुणी काय निवडावं? दोघातिघांचं जेवण असेल, लगेच बसायचं असेल आणि पातेल्याजवळ उभं राहून ढवळायची तयारी असेल, विशेषतः पहिली दोन मिनिटं, तेव्हाच पास्ता तळाला चिकटतो, तर एकच पातेलं घ्या. सहाच्या वर माणसं असतील तर नको. खोल भांड्यात वरचा पास्ता कच्चट राहतो आणि खालचा मऊ पडतो. माणसं पुढेमागे जेवणार असतील तरी वेगळंच करा, कारण शिजलेला पास्ता सॉस पीत राहतो आणि तासाभरात गोळा होतो. एका पातेल्यातला पास्ता उतरवताना जरा सरबरीत, थोडा जास्तच पातळ वाटला पाहिजे. ताटात येईपर्यंत तो आळतो.