स्तोत्र ८३ मधली दहा नावं आणि जालन्यातला शनिवारचा बायबल वर्ग

आमच्या जालन्यात दर शनिवारी संध्याकाळी एक बायबल अभ्यासवर्ग भरतो. चालवतात ते निवृत्त शिक्षक आहेत. शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे, आता बायबलातलं स्तोत्रांचं पुस्तक, स्तोत्रसंहिता, शिकवतात. फी नाही, आणि कुठल्या मंडळीचे (चर्चचे) आहात असं कुणी विचारत नाही. आपलं नाव लिहू नका असं त्यांनीच सांगितलं, म्हणून इथे नुसतं ‘सर’. महिला सभेत स्तोत्र ८३ वर बोलायचं माझ्यावर आलं होतं, तेव्हापासून मी या वर्गाला बसते. माझं माहेर बेथेलचं, म्हणजे रेव्ह. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या गावचं. तिथे लहानपणापासून स्तोत्रं कानावर होती, पण ८३ वं कुणी निवडून वाचलेलं आठवत नाही.

कारण उघड आहे. हे स्तोत्र ज्याच्या नावावर आहे तो आसाफ सुरुवातीला देवाला म्हणतो, गप्प राहू नकोस, तुझे शत्रू डोकं वर काढताहेत, इस्राएल राष्ट्राचं नावसुद्धा उरू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. पाचव्या वचनात ते सगळे एकमताने करार करतात. आणि मग सहा ते आठ ही नुसती यादी: अदोम, इश्माएली, मवाब, हगारी, गबाल, अम्मोन, अमालेक, पलेशेथ (पलिष्ट्यांचा देश), सोर, शेवटी अश्शूर. उपासनेत वाचणारा इथे अडखळतो आणि ऐकणारा तेवढ्यात घड्याळ बघून घेतो.

सरांच्या वर्गाचं खरं काम इथे दिसलं. फळ्याऐवजी ते भिंतीवर मांजरपाटाचं कापड टांगतात. त्यावर निळ्या शाईने यार्देन नदी, गालील समुद्र, मृत समुद्र आणि डाव्या अंगाला भूमध्य समुद्राचा किनारा, मधोमध यरुशलेम. बाकी कापड कोरं. स्टीलच्या ताटलीत नावांच्या चिठ्ठ्या आणि टाचण्या. ज्याच्या हाती चिठ्ठी येईल त्याला सर एक संदर्भ देतात. तो त्याने मोठ्याने वाचायचा आणि मग टाचणी टोचायची. मला हगारी आले. बायबलातल्या ‘१ इतिहास’ या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात इस्राएलातला रऊबेनाचा वंश त्यांच्याशी लढतो, यार्देनेपलीकडच्या गिलादाच्या पूर्वेला. तिथे टाचणी लावली आणि ते नाव मला कायमचं पाठ झालं.

गबालची चिठ्ठी बदनापूरकडून बसने येणाऱ्या एका वयस्कर मामांच्या वाट्याला आली. त्यांनी यहेज्केल २७ वाचला. त्यात गबालाची माणसं सोरच्या जहाजांच्या फटी बुजवतात, म्हणजे हे ठिकाण उत्तरेला, लेबनॉनच्या किनाऱ्यावर. पण स्तोत्रात गबालाच्या शेजारी अम्मोन आणि अमालेक आहेत, मग ते दक्षिणेला अदोमाच्या डोंगराळ भागात तर नाही? मामा टाचणी धरून उभेच राहिले. सरांनी ताटलीतून दुसरी चिठ्ठी काढून दिली. “दोन्हीकडे लावा मामा. अभ्यासक दोन्ही सांगतात, त्यातलं एक आपण कशाला पुसायचं?” मला हा माणूस शिक्षक म्हणून पटला तो याच ठिकाणी.

सगळ्या टाचण्या लागल्या. दक्षिणेला अदोम आणि अमालेक, पूर्वेला मवाब, अम्मोन, इश्माएली, हगारी, पश्चिमेला गज्जा-अश्कलोनचे पलिष्टी, उत्तरेला सोर. यरुशलेमाला मोकळी बाजूच राहिली नाही. अश्शूरची टाचणी कापडावर बसेचना, कारण अश्शूरची राजधानी निनवे आजच्या इराकमध्ये, मोसुलच्या समोर तैग्रिसच्या काठी. ती चिठ्ठी सरांनी कापडाबाहेर, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. आठव्या वचनात अश्शूर लोटाच्या वंशजांचा हात बळकट करतो असं आहे. शेजारी भांडायला उभे आणि लांबची मोठी सत्ता त्यांच्या पाठीशी, हे त्या खिळ्यामुळे लेकरांनासुद्धा कळलं.

मग सरांनी विचारलं, यातले नात्यातले कोण? अदोम म्हणजे इस्राएलाचा मूळपुरुष याकोब याच्या सख्ख्या भावाचा, एसावाचा वंश. अमालेक हा एसावाचा नातू. इश्माएल याकोबाच्या आजोबाचा, अब्राहामाचा मुलगा. मवाब आणि अम्मोन हे अब्राहामाच्या पुतण्याचे, लोटाचे. मागून एक बाई म्हणाल्या, “अगं बाई, ही तर भावकीच की!” बांधावरून तीन पिढ्या कोर्टात घालवलेली घरं बसली होती त्या खोलीत, त्यामुळे हे वाक्य कुणाला उलगडून सांगावं लागलं नाही. सोर तर दोस्ताचं शहर. तिथल्या हिराम राजाने इस्राएलाच्या दावीद राजाच्या घराला आणि त्याच्या मुलाच्या, शलमोनाच्या मंदिराला गंधसरूचं लाकूड पुरवलं. दावीदाने जिवावर बेतलं तेव्हा आईबापांना मवाबाच्या राजाकडे ठेवलं होतं, आणि त्याची पणजी रूथ मवाबाचीच. आसाफाची यादी कोरडी वाटते ती हे नातं माहीत नसतं म्हणून. मला तर आता ती वाचताना त्याचा गळा दाटलेला ऐकू येतो.

इतिहासाचे सर म्हटल्यावर एकजुटीच्या उदाहरणाला तालिकोटची लढाई आलीच. १५६५ साली अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर अशा चार सुलतानांनी विजयनगरविरुद्ध हातमिळवणी केली. त्याआधी निजामशाही आणि आदिलशाही सोलापूरसाठी एकमेकांच्या उरावर बसल्या होत्या. निजामशाहीची चांदबिबी विजापूरला दिली, सोलापूरचा किल्ला आंदण गेला, तेव्हा कुठे जमलं. आपल्याकडचे दौलताबाद आणि परांडा तेव्हा निजामशाहीतच होते. लढाई जिंकली आणि काही वर्षांत हेच दोस्त पुन्हा भांडायला लागले.

इथून सर थेट २ इतिहास २० वर गेले. मवाब आणि अम्मोन मिळून यहूदाच्या यहोशाफाट राजावर चालून येतात. राजा कबूल करतो की काय करावं ते आम्हाला सुचत नाही, आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत. मग देवाचा आत्मा ज्याच्यावर येतो तो यहजिएल लेवी, म्हणजे मंदिरसेवेच्या वंशातला आहे, आणि तोही आसाफाच्याच वंशातला. पुढे अम्मोनी आणि मवाबी आपल्यासोबत आलेल्या सेईर डोंगरातल्या लोकांवर उलटतात आणि शेवटी एकमेकांना मारतात. काहींच्या मते स्तोत्र ८३ याच प्रसंगाचं आहे. सर तेवढं ताणत नाहीत. दहाही राष्ट्रं एकदम चालून आल्याची नोंद बायबलात कुठेच नाही, आणि अमालेक्यांचे उरलेसुरले लोक हिज्कीया राजाच्या दिवसांत संपले असं १ इतिहास ४ म्हणतो. बाबेलचं (बॅबिलोनचं) नावही यादीत नाही, म्हणून पुष्कळ अभ्यासक हे स्तोत्र बाबेल प्रबळ होण्याच्या आधीचं मानतात. मला स्वतःला वाटतं की आसाफाने पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी एका प्रार्थनेत गोळा करून देवापुढे ठेवले. कारण पाचव्या वचनातला करार तो ‘आमच्याविरुद्ध’ म्हणत नाही, ‘तुझ्याविरुद्ध’ म्हणतो. भांडण देवाच्या पदरात टाकून तो मोकळा होतो. तलवार मागत नाही.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत या दहा नावांपुढे आजच्या देशांचे झेंडे लावतात आणि युद्ध कधी होणार ते सांगतात. आमच्या सभेतल्या बायका ते एकमेकींना पाठवतात आणि घाबरतात. सरांनी शांतपणे दाखवलं की अम्मोन्यांचं राब्बा जिथे होतं तिथे आज अम्मान आहे हे खरं, पण अम्मोनी राष्ट्र कधीच इतिहासजमा झालं. आज अम्मानमध्ये, गाझात, लेबनॉनमध्ये आपल्यासारख्याच ख्रिस्ती मंडळ्या उपासनेला बसतात. त्यांच्यावर हे स्तोत्र रोखायचं? मला तरी ते पाप वाटतं.

आता कमी काय आहे. वर्ग वेळेवर सुरू होत नाही, आणि लाईट गेली की आणखी उशीर. बाहेरगावच्या बायकांना शेवटची एसटी गाठायची असते, त्या अर्ध्यातून उठतात. पाच वाजता सुरुवात केली तर त्यांचीही सोय होईल. बसायला प्लॅस्टिकची स्टुलं आहेत, पाठदुखीवाल्यांनी भिंतीकडची जागा धरावी. वाटलेल्या झेरॉक्स इतक्या पुसट की चष्मा लावूनही संदर्भ लागत नाहीत.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. यादीवर इतका वेळ गेला की नऊ ते पंधरा ही वचनं घाईत उरकली. मला ती घरी बसून लावावी लागली. कनानी राजा याबीन आणि त्याचा सेनापती सीसरा यांची कीशोन ओढ्यापाशी हार झाली ती शास्ते ४ आणि ५ मध्ये. ओरेब, जेब, जेबह, सलमुन्ना हे मिद्यानी सरदार आणि राजे, इस्राएलाचा पुढारी गिदोन याच्या गोष्टीतले, शास्ते ७ आणि ८. आणि तिथेही एकजूटच होती. मिद्यानी, अमालेकी आणि पूर्वेकडचे लोक मिळून आले होते, समोर गिदोनाची ३०० माणसं. म्हणजे आसाफ जुनी युती आठवून नव्या युतीसाठी प्रार्थना करतोय. हे वर्गात सांगितलं असतं तर कापडावरचा तो वेढा बघून छातीत जी धडधड झाली ती तिथेच शमली असती.

आणि सोळावं वचन. इतके शाप दिल्यावर तो म्हणतो, त्यांची तोंडं लाजेने भर, म्हणजे ते तुझं नाव शोधतील. ज्यांनी आपलं नाव पुसायचा कट केला, त्यांना देवाचं नाव सापडावं, ही त्याची मागणी आहे. पुढच्या फेरीत या एका वचनाला अख्खा शनिवार द्या असं मी सरांना सांगितलंय, आणि ते तयार झालेत. तुम्ही याल तर जुना-नवा दोन्ही करार असलेलं छापील बायबल आणा. मोबाइलवर इतके संदर्भ चाळत बसलं की चिठ्ठी हाती येईपर्यंत वाचन पुढे गेलेलं असतं.